दोन ताऱ्यांमधला शब्द

सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे लिहून सांगणं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. पुण्यात टेक्निकल रायटर म्हणून इतकी वर्षं काढल्यावर ज्या गोष्टीबद्दल मला सर्वांत ठामपणे बोलता येईल, ती दिसायला अगदी लहान आहे. ओळीतला कोणता शब्द ठळक करायचा, कोणता तिरपा, कोणता टाइपरायटरप्रमाणे सारख्या रुंदीच्या अक्षरांत ठेवायचा आणि कोणता आहे तसाच सोडायचा, एवढीच ती गोष्ट. नव्यानं आलेल्या मुलामुलींना हे सजावटीचं काम वाटतं. मजकूर लिहून झाला की शेवटी सवडीनं उरकायचं. माझा अनुभव वेगळा आहे. वाचकाचं काम होतं की अडतं, हे पुष्कळदा इथंच ठरतं.

आमचं लेखन वर्डमध्ये होत नाही. आम्ही साध्या टेक्स्ट फाइलमध्ये खुणा घालून लिहितो. शब्दाच्या दोन्ही बाजूंना एक किंवा दोन तारे, अंडरस्कोर किंवा बॅकटिक टाकायचे; पुढे एक प्रोग्राम त्या खुणा वाचून वेबपान किंवा पीडीएफ तयार करतो. फाइल साधी असल्यामुळे ती प्रोग्रामरांच्या कोडशेजारी गिटमध्ये राहते आणि कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला ते ओळीओळीनं दिसतं. ही रीत तशी जुन्या सवयींतूनच आलेली आहे. छापखान्यासाठी मजकूर तयार करताना शब्दाखाली सरळ रेघ मारली की तो इटॅलिक करायचा आणि नागमोडी रेघ मारली की बोल्ड, असा संकेत होता. ईमेलमध्ये नुसती साधी अक्षरं पाठवता येत होती, तेव्हा लोकांनी भर द्यायच्या शब्दाभोवती तारे टाकायला सुरुवात केली. या शतकाच्या सुरुवातीला अशा सवयींना नियमांची बैठक मिळाली. डेव्हिड गुजर यांचं रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट आणि स्टुअर्ट रॅकहॅम यांचं आस्कीडॉक त्याच सुमाराचं. 2004 मध्ये जॉन ग्रुबर यांनी मार्कडाउन आणलं. खुणांसकट असलेली मूळ फाइलसुद्धा माणसाला सहज वाचता आली पाहिजे, हा ग्रुबर यांचा आग्रह होता. मला तो आजही पटतो.

खुणा शिकायला एक दुपार पुरते. कोणती खूण कशासाठी वापरायची, हे शिकण्यात मात्र माझी वर्षं गेली.

एका पतसंस्थेत आम्ही लिहिलेलं मॅन्युअल वापरात येत होतं, तेव्हा मी तिथं काही दिवस जाऊन बसत होते. काउंटरमागच्या बाई अनुभवी होत्या. हिशेबात पक्क्या, पण संगणकाशी नव्यानं जुळवून घेत होत्या. त्या वाचत कशा आहेत, हे मी पाहत होते. त्यांची नजर एका ठळक शब्दावरून थेट पुढच्या ठळक शब्दावर जात होती. मधली वाक्यं त्या वाचतच नव्हत्या. त्या पानावर मेनूची नावं ठळक होती, बटणांची नावं ठळक होती आणि प्रणालीची स्तुती करणारी दोन-तीन विशेषणंही ठळक होती. थोड्या वेळानं त्यांनी मागे वळून विचारलं, ‘‘मॅडम, हे ‘झटपट’ कुठंय?’’ त्या पडद्यावर ‘झटपट’ नावाचं बटण शोधत होत्या.

बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. समोर ग्राहक उभा असलेला माणूस मॅन्युअल कादंबरीसारखं वाचत बसत नाही. त्याला पुढची कृती हवी असते आणि ठळक अक्षर त्याला सांगत असतं की इथं हात लाव. पडद्यावर दिसणाऱ्या आणि वापरणाऱ्यानं हात लावायच्या गोष्टींची नावं ठळक असावीत, हा नियम मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या दोघांच्याही लेखन-मार्गदर्शिकांमध्ये आहे. तो मी आधीच वाचलेला होता. त्यामागचं कारण त्या काउंटरवर समजलं. तेव्हापासून मी एक चाचणी पाळत आले आहे. पान लिहून झालं की फक्त ठळक शब्द वरून खाली मोठ्यानं वाचायचे. ‘खाते’, ‘नवीन नोंद’, ‘रक्कम’, ‘जतन करा’ असं ऐकू आलं, तर पान बरोबर आहे. मध्येच ‘सुरक्षित’, ‘अत्यंत’, ‘लक्षात ठेवा’ ऐकू आलं, तर त्या शब्दांभोवतीचे तारे काढायचे.

ही चाचणी लोकांच्या गळी उतरवणं सोपं नसतं. विक्री विभागाला उत्पादनाचं नाव प्रत्येक ओळीत ठळक हवं असतं. प्रोग्रामरांना आपण मेहनतीनं केलेल्या नव्या सोयीचं नाव उठून दिसायला हवं असतं. दोघांचीही भावना मला समजते. पण पानावरचं वाचकाचं लक्ष मोजकं असतं. ते एका शब्दाला दिलं की दुसऱ्या कुठल्या तरी शब्दाकडचं कमी होतं. एका इन्स्टॉलेशनच्या पानावर ‘आधी बॅकअप घ्या’ ही सूचना ठळक होती, आणि तिच्या आजूबाजूचा निम्मा परिच्छेदही ठळक होता. ती सूचना कुणाच्या नजरेत भरत नव्हती. ती आणखी ठळक कशी करायची, यावर बैठकीत चर्चा चालली होती. लाल रंग सुचवला गेला, उद्गारचिन्हं सुचवली गेली. शेवटी आम्ही बाकीचा मजकूर साधा केला आणि सूचना परिच्छेदातून उचलून पहिल्या पायरीच्या वर, ‘सावधान’ अशा शब्दानिशी स्वतंत्र चौकटीत ठेवली. तेवढ्यानं भागलं.

चौकटीत ‘सावधान’ हा शब्द का लिहायचा, नुसतं ठळक का पुरत नाही, हे मला एका अंध सहकाऱ्यानं शिकवलं. तो आमच्या पानांची तपासणी करायचा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर तो वापरायचा. त्याच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये अक्षर ठळक आहे की तिरपं, हे वाचून दाखवलं जात नाही. ‘ठळक अक्षरांतल्या रकान्यांत माहिती भरणं सक्तीचं आहे’ असं एका पानावर लिहिलेलं होतं. त्यानं शांतपणे विचारलं, ‘‘ठळक कोणते, ते मला कोण सांगणार?’’ त्याच दिवशी आमच्या नियमांत भर पडली: अक्षराचं रूप बदलून सांगितलेली गोष्ट शब्दांतही सांगितलेली असलीच पाहिजे. रूप वाचकाला मदत करू शकतं, पण अर्थाचा भार एकट्या रूपावर टाकायचा नाही. आज मी मूळ फाइलमधल्या सगळ्या खुणा मनातल्या मनात पुसून वाक्य वाचून पाहते. अर्थ तसाच राहिला तर वाक्य पक्कं आहे.

दुसरा मोठा धडा ‘जसंच्या तसं टाइप करा’ आणि ‘इथं तुमचं घाला’ यांतल्या फरकाचा. आमच्या मदतकक्षाला एकदा एका कार्यालयातून फोन आला की दिलेला आदेश चालत नाही. तिथल्या मुलानं आदेशाच्या ओळीत ‘तुमच्या फाइलचं नाव’ हे शब्द अक्षरशः टाइप केले होते. पानावर संपूर्ण ओळ एकाच ठशात, एकाच रुंदीच्या अक्षरांत होती. त्यातलं काय बदलायचं हे कळायला त्याला काही मार्गच नव्हता. युनिक्सच्या मॅन्युअल पानांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. तिथं ठळक म्हणजे दिसतं तसंच टाइप करायचं आणि तिरपं म्हणजे त्या जागी आपलं मूल्य घालायचं.

मात्र ही सोय प्रत्येक मार्कअप भाषेत सारखी मिळत नाही. मार्कडाउनमध्ये बॅकटिकच्या आत टाकलेले तारे हे तारेच राहतात, त्यामुळे आदेशाच्या मधलाच एक शब्द तिरपा करता येत नाही. रीस्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये एका खुणेच्या आत दुसरी खूण चालत नाही. पण त्यावर उभारलेल्या स्फिंक्समध्ये ‘सॅम्प’ नावाची खास भूमिका आहे. तिच्यात महिरपी कंसात घातलेला भाग आपोआप वेगळा, बदलायचा म्हणून दिसतो. गेऑर्ग ब्रँडल यांनी स्फिंक्स मुळात पायथन भाषेच्या माहितीपानांसाठी तयार केलं आणि 2008 मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. त्यात बटणासाठी वेगळी भूमिका, कीबोर्डच्या कळीसाठी वेगळी, फाइलसाठी वेगळी, पारिभाषिक शब्दासाठी वेगळी. सुरुवातीला मला हे सगळं जड वाटायचं. दोन तारे टाकून काम होत असताना इतकं लांबलचक का लिहायचं? उत्तर मिळायला एक स्थलांतर घडावं लागलं.

झालं असं, की कंपनीनं जुनी आस्कीडॉकमधली मॅन्युअलं मार्कडाउनमध्ये न्यायचं ठरवलं. आस्कीडॉकमध्ये शब्दाभोवती एकेक तारा म्हणजे ठळक. मार्कडाउनमध्ये तीच खूण म्हणजे तिरपं. घाईच्या एका टप्प्यात काही फाइली रूपांतर न करता तशाच नव्या जागी ठेवल्या गेल्या आणि पानंच्या पानं तिरपी झाली. बटणांची नावं तिरपी, सावधगिरीच्या सूचनाही तिरप्या. ते दुरुस्त करणं सोपं होतं, एका स्क्रिप्टनं झालं. खरं काम पुढे होतं. नव्या मार्गदर्शिकेप्रमाणे बटणं ठळक हवी होती, नव्या संज्ञा तिरप्या आणि फाइलींची नावं बॅकटिकमध्ये. जुन्या फाइलींमध्ये मात्र या तिन्हींना एकच खूण होती. हा ठळक शब्द बटण आहे, संज्ञा आहे की फाइल, हे यंत्राला सांगता येईना. माणसांनी ओळ न् ओळ वाचून ठरवलं. त्याच संचातली काही पानं कोणा शिस्तीच्या लेखकानं भूमिका वापरून लिहिली होती: हे बटण, ही कळ, ही फाइल. ती पानं एका झटक्यात नव्या रूपात गेली. ती लिहिणारी व्यक्ती केव्हाच नोकरी सोडून गेली होती, पण तिला काय म्हणायचं होतं ते फाइलमध्ये शाबूत होतं.

तिथून माझी विचार करण्याची दिशाच बदलली. ‘हा शब्द कसा दिसावा’ हा प्रश्न मी मागे टाकला. ‘हा शब्द काय आहे’ हे आधी विचारते. दिसण्याचा निर्णय एका ठिकाणी, स्टाइलशीटमध्ये, घेता येतो आणि पुढे बदलताही येतो. अर्थ मात्र लिहिताना नोंदला नाही, तर तो पुढे कुणालाच सापडत नाही. एचटीएमएलमध्येही हाच विचार आहे. मार्कडाउनचे दोन तारे नुसतं जाड अक्षर मागत नाहीत; ते ‘स्ट्राँग’ म्हणजे महत्त्वाचं असा अर्थ पानात लिहितात, आणि एक तारा ‘एम’ म्हणजे बोलताना दिला जाणारा भर.

याचं खरं मोल मला मराठी पानांवर काम करताना कळलं. इंग्रजी मॅन्युअलांबरोबर मराठी आवृत्ती काढायची मागणी आली, तेव्हा मला अतिशय आनंद झाला. आपल्या भाषेत हे काम नीट झालंच पाहिजे, असं मला मनापासून वाटत होतं. पहिल्या मसुद्यातच अडचणी समोर आल्या.

पहिली अडचण तिरप्या अक्षरांची. देवनागरीत इटॅलिकची स्वतंत्र परंपरा नाही, आणि आपण वापरतो त्या कित्येक फॉन्टांत तिरपं रूपच नसतं. मग ब्राउझर सरळ अक्षरं यांत्रिकपणे कलती करतो. शिरोरेषेवरच्या मात्रा, रफार, अनुस्वार आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर रेलतात. लहान आकारात तर जोडाक्षरं लागतच नाहीत. मराठी छपाईत आपण भर देण्यासाठी जाड ठसा वापरत आलो, शीर्षकं आणि नव्या संज्ञा अवतरणचिन्हांत घालत आलो. आमच्या मूळ फाइलींत ‘ही नवी संज्ञा’ असं नोंदलेलं होतं, म्हणून इलाज सोपा झाला. इंग्रजी पानावर ती संज्ञा तिरपी दिसते आणि मराठी पानावर सरळच, अवतरणचिन्हांत. स्टाइलशीटला पानाची भाषा कळते, त्यामुळे मूळ मजकुराला हात लावावा लागला नाही.

दुसरी अडचण जास्त खोल होती. इंग्रजीत बटणाचं नाव मोकळं उभं राहतं. त्याआधी आणि नंतर जागा असते. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतात. ‘जतन करा’वर, ‘अहवाल’मध्ये, ‘शोध’ने. खुणांचे बहुतेक नियम मात्र शब्दाभोवती जागा किंवा विरामचिन्ह असेल, असं गृहीत धरून बनलेले आहेत. रीस्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये ताऱ्यांत ‘अहवाल’ लिहून त्याला लगेच ‘मध्ये’ जोडलं की शेवटची खूण ओळखलीच जात नाही आणि पान बांधताना इशारा येतो. तारे आणि ‘मध्ये’ यांच्यात उलटी तिरकी रेघ आणि एक रिकामी जागा टाकावी लागते. आस्कीडॉकमध्ये शब्दाच्या मध्येच खूण संपवायची तर एकाऐवजी दोन तारे लावावे लागतात. मार्कडाउनची 2014 पासून सिद्ध होत आलेली कॉमनमार्क ही नियमावली पाहिली, तर ताऱ्यांतल्या ‘अहवाल’ला ‘मध्ये’ जोडलेलं व्यवस्थित चालतं, पण ‘_अहवाल_मध्ये’ चालत नाही. संगणकी नावांत शब्दांच्या मधोमध अंडरस्कोर येतात, ती नावं तिरपी होऊ नयेत म्हणून तो नियम तसा ठेवला आहे. आणि ‘खातेदार (सभासद)’ ताऱ्यांत घालून पुढे ‘चे’ जोडलं की तारे जसेच्या तसे छापले जातात. कारण आत शेवटी कंस आहे आणि बाहेर लगेच अक्षर. चिनी-जपानी लिहिणाऱ्यांनाही हाच त्रास होतो, कारण त्यांच्या लिपीत शब्दांमध्ये जागा सोडतच नाहीत. विकिपीडियाच्या खुणांना मात्र ही अट नाही. तिथं तीन अपॉस्ट्रॉफींमध्ये शब्द घालून पुढे प्रत्यय जोडला तरी चालतं.

काही जणांनी सुचवलं की तारे आणि प्रत्यय यांच्यात न दिसणारी, शून्य रुंदीची जागा घालू या. काही मार्कअप भाषांत ही युक्ती चालतेही. मी तिला विरोध केला. न दिसणारं अक्षर फाइलमध्ये राहतं, ‘अहवालमध्ये’ हा शब्द शोधला की सापडत नाही, आणि पुढे काम करणाऱ्याला कारणही दिसत नाही. मूळ फाइल माणसाला वाचता यावी म्हणून तर आपण साधा टेक्स्ट निवडला.

उपाय शेवटी मराठीच्या व्याकरणातच मिळाला. प्रत्यय लागला की शब्दाचं सामान्यरूप होतं. ‘खाते’ला ‘वर’ लावलं की ‘खात्यावर’. म्हणजे पडद्यावर ‘खाते’ लिहिलंय आणि मॅन्युअलमध्ये ‘खात्या’ ठळक दिसतंय! पडद्यावर बोट ठेवून शोधणाऱ्या माणसासाठी हे दोन वेगळे शब्द आहेत. म्हणून आम्ही ठरवलं की नावाला प्रत्यय लावायचाच नाही. नावापुढे ती वस्तू काय आहे ते सांगणारा शब्द ठेवायचा आणि प्रत्ययाचा भार त्यानं उचलायचा: ‘खाते’ या पानावर जा, ‘जतन करा’ हे बटण दाबा, ‘अहवाल’ या मेनूमध्ये ‘मासिक’ हा पर्याय निवडा. नाव पडद्यावरच्यासारखंच राहिलं, खुणेभोवती आपोआप जागा आली आणि कुठल्याही मार्कअप भाषेत वाक्य मोडेनासं झालं. शिवाय ‘बटण’, ‘पान’, ‘मेनू’ हे शब्दांतच सांगितल्यामुळे माझ्या अंध सहकाऱ्याचीही अडचण मिटली. इतकी वर्षं वेगवेगळे वाटलेले धडे त्या एका वाक्यरचनेत एकत्र आले.

तेव्हापासून मी मराठीतल्या तांत्रिक लेखनाकडे इंग्रजीची सावली म्हणून पाहत नाही. आपल्या भाषेच्या घडणीनं मला जे वाक्य लिहायला लावलं, ते इंग्रजी आवृत्तीपेक्षा अधिक स्पष्ट होतं. पुढे इंग्रजी पानांतही आम्ही नावापुढे वस्तूचा प्रकार लिहायला लागलो.

आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी मोजके नियम देते, आणि ते प्रकल्पाच्या पहिल्याच फाइलमध्ये लिहून ठेवायला सांगते, म्हणजे वाद एकदाच होतो. दाबायचं किंवा निवडायचं ते ठळक. टाइप करायचं ते, आणि फाइलींची नावं, बॅकटिकमध्ये. वाचकानं स्वतःचं मूल्य घालायची जागा वेगळी दिसली पाहिजे. साधनात सोय नसेल तर ओळीखाली शब्दांत सांगा. नवी संज्ञा पहिल्यांदा येते तिथं एकदाच खूण करा, पुन्हा नाही. भाषेत भूमिका उपलब्ध असतील तर त्याच वापरा, नुसते तारे नकोत. मराठीत तिरपं टाळा आणि खुणेला प्रत्यय चिकटवू नका. यात न बसणारा शब्द साधा ठेवा, तो कितीही महत्त्वाचा वाटला तरी.

शेवटचा नियम पाळायला सर्वांत अवघड जातो, कारण लिहिणाऱ्याला आपला प्रत्येक शब्द मोलाचा वाटत असतो. मी त्यांना सांगते, तारे टाकण्याआधी स्वतःला विचारा की हा शब्द पाहून वाचक नेमकं काय करणार आहे. दाबणार आहे, टाइप करणार आहे, बदलणार आहे की नव्यानं शिकणार आहे? उत्तर मिळालं, तर त्या उत्तराला ठरलेली खूण द्या. उत्तर मिळालं नाही, तर वाक्य पुन्हा लिहा. ज्या वाक्यात जोर नाही, त्याला तो ताऱ्यांनी येत नाही. आणि जे वाक्य नेमकं आहे, त्याला बहुतेक वेळा ताऱ्यांची गरजच पडत नाही.